हरित इमारतीचा सल्लागार आणि आपले माळवद

बी. ए. द्वितीय वर्ष (भूगोल)

‘हरित इमारत’ हे शब्द ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर हिरवा रंग दिलेली, नाहीतर गच्चीवर कुंड्या मांडलेली इमारत उभी राहते. वास्तविक रंगाचा आणि कुंड्यांचा या विषयाशी फारसा संबंध नाही. जी इमारत बांधताना आणि पुढे पन्नास-साठ वर्षे वापरताना वीज, पाणी व सामग्री शक्य तितकी कमी लागते आणि तरीही आत राहणारास सुख लाभते, ती हरित इमारत होय. हे जमवून आणण्यासाठी वास्तुविशारद आणि बांधकाम अभियंता यांच्या शेजारी आता एक तिसरा मनुष्य बसू लागला आहे. त्यास हरित इमारत सल्लागार असे म्हणतात. मुंबई-पुण्याकडे हा व्यवसाय चांगलाच रुळला आहे. आपल्या बीड जिल्ह्यात अशी पाटी लावलेला मनुष्य निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. हा सल्लागार नेमके काय करतो आणि त्याच्याजोगे काम आपल्याकडे आहे काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकते : काम पुष्कळ आहे, परंतु त्याची फी देणारा कोणी नाही.

या व्यवसायाचा इतिहास फार जुना नाही. इमारतीस पर्यावरणाच्या कसोटीवर गुण देण्याची पहिली पद्धत इंग्लंडात १९९० मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील ‘लीड’ पद्धत १९९८ मधली. आपल्या देशात भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन केली. हैदराबाद येथील सोराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर या इमारतीस ‘लीड’चे सर्वोच्च म्हणजे प्लॅटिनम मानांकन मिळाले आणि २००४ मध्ये तिचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. पुढे ‘टेरी’ या संस्थेने केंद्र शासनाच्या साहाय्याने ‘गृह’ ही भारतीय हवामानास धरून असलेली पद्धत तयार केली. तीत एक ते पाच तारे दिले जातात. २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली आणि २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्यात हडपसर येथील सुझलॉन कंपनीचे ‘वन अर्थ’ हे कार्यालय या क्षेत्रातील नावाजलेले उदाहरण आहे. असे मानांकन मिळविणाऱ्या इमारतीस जादा चटईक्षेत्र देण्याची तरतूद राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. चटईक्षेत्र म्हणजे शहरात रोख पैसाच. तेव्हा बिल्डर लोकांस हरितपणाची गोडी का लागली, हे निराळे सांगावयास नको.

सल्लागाराचे काम विटेवर वीट चढण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. जागेवर जाऊन सूर्य कोठून उगवतो, वारा कोठून येतो, पाण्याचा उतार कोणीकडे आहे, कोणती झाडे राखता येतील हे तो पाहतो. वरची सुपीक माती खोदकामात वाया जाऊ नये म्हणून ती बाजूस काढून ठेवावयास लावतो. मग संगणकावर त्याच इमारतीची दोन रूपे उभी केली जातात. एक रूप नेहमीच्या पद्धतीने बांधलेले, दुसरे सुधारलेले. वर्षभरात दोहोंस किती वीज लागेल याची वजाबाकी म्हणजे बचत, आणि बचतीवर गुण. पाण्याचाही असाच ताळेबंद मांडतात : नळाचे किती, पावसाचे किती, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरलेले किती. सामग्रीच्या बाबतीत ती किती दूरून आली आणि ती तयार करताना किती इंधन जळले हे विचारले जाते. सिमेंटचेच पाहा. शंभर किलो शुद्ध चुनखडीचा दगड भाजला की छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीतील कोळशाचा धूर याहून निराळा. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटच्या धंद्यातून निघतो, तो यामुळे. उरलेला वेळ सल्लागाराचा कागदपत्रांत जातो. बिले, दाखले, छायाचित्रे, मीटरचे आकडे यांची बाडे तयार करून मानांकन संस्थेकडे पाठवावी लागतात. या व्यवसायातील माणसे संगणकापेक्षा या बाडांनाच अधिक कंटाळत असावीत, असा माझा तर्क आहे.

आता यातील ज्ञान म्हणाल तर बरेचसे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलेच आहे. बीड शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. मधल्या काळात तो चक्क उत्तरेकडे असतो. २१ जूनला सुमारे साडेचार अंश. याचा अर्थ असा की आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात घराची दक्षिण भिंत फारशी तापत नाही. तापते ते छत, आणि सकाळ-संध्याकाळी पूर्व व पश्चिम भिंती. उलट २१ डिसेंबरला दुपारचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली जेमतेम सव्वादोन फूट खाली येते आणि खालचे ऊन खोलीत शिरते. मार्चच्या २१ तारखेस तीच सावली पावणेसहा फूट खाली उतरते, म्हणजे सबंध खिडकी झाकली जाते. एकच छज्जा थंडीत ऊन देतो आणि उन्हाळ्यात अडवतो. पश्चिमेच्या खिडकीस मात्र असा छज्जा निरुपयोगी, कारण मावळतीचा सूर्य त्याच्या खालून थेट आत येतो. तेथे ओसरी हवी, नाहीतर कडुनिंबाचे झाड हवे. पुण्याचा सल्लागार हेच संगणकावर दाखवितो. आपल्याकडे मात्र रस्ता ज्या बाजूस त्या बाजूस दार आणि खिडक्या, आणि चारी बाजूंस सारख्याच मापाचा छज्जा, अशीच रीत पडली आहे.

छतच अधिक तापते हे एकदा मान्य केले की आपल्या जुन्या माळवदाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. माळवद म्हणजे काय, हे शहरातील वाचकांसाठी थोडक्यात सांगते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती चोपून केलेले सपाट छत. ही पांढरी माती गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरची. शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची आपली रीत आहे, तिचा या मातीशी संबंध आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून ती छतावर चालत नाही. पांढरी फारशी फुगत नाही, दाबून बसते आणि पाणी पन्हाळीकडे लोटून देते. शिवाय तिचा रंग फिका असल्याने काही ऊन परतही जाते.

मातीच्या जाड थरातून उष्णता फार सावकाश सरकते. एक फुटाच्या माळवदाच्या वरच्या अंगास लागलेली दुपारची उष्णता खालच्या अंगास पोहोचावयास साधारण नऊ-दहा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते. चार-पाच इंची सिमेंटच्या स्लॅबमधून हेच अंतर ती सुमारे तीन तासांत तोडते. म्हणून शाळा-कचेऱ्या सुटण्याच्या वेळी स्लॅबच्या खोलीत सर्वांत जास्त उकडते. लोखंडी पत्र्याला तर उशीर असा नाहीच. ऊन पडले की पत्रा तापतो आणि तापला की खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर आगच ओततो. इको निवास संहितेने छतासाठी मर्यादा घातली आहे ती अशी : आत आणि बाहेर एक अंशाचा फरक असता एक चौरस मीटर छतातून १.२ वॉटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबमधून याच्या जवळजवळ तिप्पट जाते. दीड फुटाचे माळवद हिशेबाने या मर्यादेच्या अगदी जवळ येते. म्हणजे २०१८ च्या नियमाजवळ आपले पणजोबा कोणत्याही नियमावाचून जाऊन पोहोचले होते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सर्वांनी माळवदे बांधावीत. असे म्हणणाऱ्याने एक पावसाळा माळवदाखाली काढावा. घरात उजेड कमी, झरोक्यातून येईल तेवढाच. झड लागली की कोठे ना कोठे गळते. दर वर्षी पावसाआधी नवी माती घालावी लागते, गवत उपटावे लागते. भिंती लिंपणे आणि जमीन सारवणे हे काम तर बायकांचेच. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्या पुष्कळ लेखांत हे सारवणाऱ्या हातांचे श्रम हिशेबात धरलेले नसतात. माझ्या आजीस माळवदाचे घर पाडून पत्रे टाकल्याचे दुःख झाले नाही. तिची कंबर सुटली. आणि माती उष्णता उशिरा देते म्हणजे रात्री देते. म्हणूनच उन्हाळ्यात सगळे घर माळवदावर नाहीतर अंगणात झोपावयास जात असे.

याहून मोठे कारण ३० सप्टेंबर १९९३ चे आहे. त्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच घराखाली गाडली गेली. ती घरे आपल्या घरांसारखीच होती. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, परंतु ती एक भिंत नसून दगडांचे दोन पापुद्रे आणि मध्ये माती व कपच्यांची भर. दोन्ही पापुद्र्यांस जोडणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच ते दोन बाजूंस फाकले आणि कोसळले. वर पिढ्यान् पिढ्या माती घालत गेल्याने छते जड झालेली. दीड फूट मातीचे वजन एका चौरस मीटरवर सातशे किलोंच्या घरात जाते. मात्र अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा हेही आढळले की जेथे छत भिंतीवर नसून लाकडी खणांच्या सांगाड्यावर होते, तेथे पुष्कळ ठिकाणी भिंती पडूनही छत उभे राहिले. म्हणजे दोष मातीचा तितकासा नव्हता. भिंत बांधण्याच्या रीतीचा होता आणि जास्तीच्या वजनाचा होता. उपायही ठरलेले आहेत : ठरावीक अंतराने आरपार दगड, दाराच्या वर सर्व भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा सलग पट्टा, छतावरची जादा माती काढून टाकणे. भारतीय मानक संस्थेच्या १९९३ च्याच संहितांत हे दिलेले आहे. परंतु लोकांनी त्यातून एवढाच अर्थ घेतला की दगडमाती मारते आणि सिमेंट-पत्रा तारतो. ज्यांनी प्रेते पाहिली त्यांना दोष देणे बरोबर नाही. परिणाम मात्र असा झाला की भूकंपाची भीती आणि उन्हाचा ताप यांपैकी एकच टाळता येतो, असे आम्ही धरून चाललो. दोन्ही एकदम कसे टाळावे हे सांगावयास गावात कोणी आलेच नाही. सल्लागाराची खरी जागा येथे होती.

परळीची वीज, परळीची राख

आपल्या जिल्ह्यात या विषयाचा आणखी एक मोठा धडा आहे, तो म्हणजे परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र. ते १९७१ मध्ये सुरू झाले. कोळसा जाळून वीज करावयाची तर पाणी लागते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी जी मर्यादा घातली, ती एका युनिटला साडेतीन लिटर अशी आहे. पंचाहत्तर वॅटचा पंखा तेरा तास फिरला की एक युनिट होते, म्हणजे साडेतीन लिटर पाणी. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तासास सुमारे दीड युनिट घेते, म्हणजे दर तासास पाच लिटर. दुष्काळामुळे परळीचे केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ज्या जिल्ह्यात बायका हंडाभर पाण्यासाठी मैलभर जातात, तेथे तापलेल्या स्लॅबखाली यंत्र लावून बसणे हे दुसऱ्याच्या हंड्यातले पाणी वापरणे आहे. मीटरवर ते दिसत नाही एवढेच.

त्याच केंद्राची राख ही दुसरी गोष्ट. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के असते. ही राख बांधकामात वापरावी म्हणून केंद्र शासनाने १९९९ मध्ये पहिली अधिसूचना काढली. राखेची वीट भाजावी लागत नाही आणि तिच्यासाठी शेताची माती खरवडावी लागत नाही. म्हणून मानांकनात तिला गुण मिळतात. परंतु येथेही डोळे मिटून चालणार नाही. परळी, अंबाजोगाईकडे राखेची वीट शहाणपणाची आहे. आष्टी जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, तेथवर ट्रकने वीट नेण्यात जे डिझेल जळेल ते पाहता बालाघाटाचा काळा दगडच बरा. इंग्लंडातून येऊन केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर हेच सांगत. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याची त्यांनी रूढ केलेली पद्धत सुमारे पाव हिस्सा विटा वाचविते आणि पोकळीतील हवा उष्णताही अडविते. आपल्याकडील गवंड्यांस ती शिकावयास आठवडा पुरेल. सेवाग्रामला १९३६ नंतर उभ्या राहिलेल्या बापू कुटीत तर आसपासच्या माती, बांबू, लाकूड यांपलीकडे फारसे काही नाही.

पाण्याबाबत आपल्या शहराचा वारसा मोठा आहे. १५८२ च्या सुमारास बांधलेल्या खजाना बावडीतून भुयाराने शेतीस पाणी जाते ते केवळ उताराच्या बळावर. पंप नाही, वीज नाही. पण त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी छताकडेच परत येते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि २०१६ पासून सपाट प्रदेशात त्यास १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविलेले आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. समजा वर्षाला चारशेच मिलिमीटर पडला, म्हणजे आपल्याकडील वाईट वर्ष, आणि त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला, तरी या लहानशा छतावरून आठ हजार लिटर पाणी उतरते. पाच माणसांस पिण्यास व स्वयंपाकास दिवसास पंचवीस लिटर धरले, तर पाच हजार लिटरची टाकी दोनशे दिवस पुरते. ऑक्टोबरच्या आरंभी भरलेली टाकी एप्रिलच्या मध्यापर्यंत जाते. हा हिशेब करावयास पदवी लागत नाही. परंतु घरकुलाच्या वेळी पन्हाळी कोठे काढावी, टाकी कोठे बसवावी, स्लॅबवर दर वर्षी चुन्याचा पांढरा हात का द्यावा, पश्चिमेस खिडकी का टाळावी, हे सांगणारा कोणी नसतो. असतो तो मिस्त्री, आणि त्याने शेजारच्या घरास जे केले तेच तो येथे करतो. शेजारच्या तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये थंड छतांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले, याची येथे नोंद करावीशी वाटते.

सल्लागाराची विद्या तुलनेवर चालते, हे वर आलेच आहे. जो आधी पुष्कळ वापरतो त्याची बचत मोठी दिसते. काचेच्या मनोऱ्याने विजेचे बिल पाव हिश्शाने कमी केले की त्यास तारे मिळतात. ज्या घरात एक पंखा आणि दोन दिवे आहेत त्यास वाचवावयास काय आहे? लहान इमारतींसाठी ‘स्वगृह’ नावाची सोपी पद्धत आहे, हे मी जाणते. तथापि तीही अर्ज करणाऱ्यासाठी आहे, आणि घरकुलवाला अर्ज करीत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीस जाणारी आपली कुटुंबे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहतात. बांबू, पाचट आणि वर ताडपत्री. सामग्री अत्यल्प, वीज शून्य, सारे काही दहा पावलांवरून आणलेले. कोष्टकात घातले तर कोपीस पाचही तारे द्यावे लागतील. यावरून कोष्टकात काय राहून गेले आहे ते कळते : आत राहणाऱ्या बाळंतिणीस आणि लेकरास थंडी-वाऱ्यापासून काय मिळते, हा प्रश्न. कमी वापरणे आणि कमी मिळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. हरित इमारतीच्या व्याख्येत ‘सुख’ हा शब्द आहे, तो मी म्हणूनच मुद्दाम ठेवला.

ज्या विद्यार्थ्यांस या व्यवसायात रस असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. बहुतेक सल्लागार वास्तुशास्त्र किंवा अभियांत्रिकीचे पदवीधर असतात. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल आणि ‘गृह’ परिषद या दोन्ही संस्था व्यावसायिकांसाठी परीक्षा घेतात. ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोतर्फे होते. कलाशाखेच्या विद्यार्थ्यास पुढचे दार उघडे नसले, तरी हवामान, पाणी, वस्ती आणि लोकांची राहणी यांचा अभ्यास आपण करतो आणि तो अभियंत्यास बहुधा कमी असतो.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. भूगोल विभागात कमाल-किमान तापमापके आहेत. येत्या मे महिन्यात एकाच गावातील तीन घरांत, म्हणजे एक माळवदाचे, एक स्लॅबचे, एक पत्र्याचे, जमिनीपासून चार फुटांवर आणि उन्हापासून दूर अशी ती टांगावीत. सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता पंधरा दिवस आकडे लिहावेत. जमल्यास स्लॅबच्या निम्म्या भागास चुना देऊन दोन्ही भागांखालचे आकडे वेगळे घ्यावेत. प्राध्यापक मंडळींनी परवानगी दिल्यास माळवदाच्या घराची व्यवस्था मी करीन. आमच्या गल्लीत एक अजून उभे आहे.